वाट पाहण्यातला आनंद

आनंद भेटीतच असतो, की भेटीच्या वाटेवरही असतो?

कार्तिकी वारी आटोपते आणि थोड्याच दिवसांत धुळे-जळगावच्या आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांचा आगमनकाळ सुरू होतो. नाताळापूर्वीचे चार रविवार. प्रभूच्या येण्याची वाट पाहायची आणि मन झाडून स्वच्छ ठेवायचे, हे त्या दिवसांचे व्रत. अनेक चर्चमध्ये दर रविवारी एक मेणबत्ती वाढते. तीन जांभळ्या, पश्चात्तापाच्या रंगाच्या. तिसऱ्या रविवारची मात्र गुलाबी, आनंदाची. नाताळ अजून दूर, तरी आनंद आधीच! त्या रविवारचे नाव संत पौलाच्या पत्रावरून पडले आहे. स्वतः बंदिवासात असताना तो इतरांना आनंदी राहायला सांगत होता.

वारकऱ्याला हे परके नाही. ना. वा. टिळकांनी तर ख्रिस्तभक्ती अभंगातच गायिली. आपल्या आदिशक्ती मुक्ताईची पालखी मुक्ताईनगरहून ज्येष्ठात निघते. खानदेशात तेव्हा शेतकऱ्याचे डोळे आभाळाकडे लागलेले असतात. पेरणी मुलाबाळांवर सोपवून तो सुमारे महिनाभर चालतो. पंढरीत गर्दी एवढी, की कित्येक जण कळसाला हात जोडूनच परततात. आनंद फक्त गाभाऱ्यात असता, तर ही माणसे रित्या हातांनी परतली असती. तसे होत नाही, कारण त्यांना तो वाटेवर पावलोपावली मिळालेला असतो.

भेद आहे, तो झाकू नये. ते येणाऱ्या प्रभूची वाट पाहतात. आपला विठोबा पुंडलिकाच्या शब्दाखातर विटेवर उभा राहून आपलीच वाट पाहतो. पण ज्याची वाट पाहायची तो आपला आहे, हा भरवसा दोन्हीकडे सारखा. मौज मिळण्यावर अवलंबून असते, आनंद या भरवशावर.

मग ज्याचे पीक करपले, जिचे लेकरू गेले, त्यांना ‘आनंदात राहा’ म्हणावे काय? नुसते म्हणणे निष्ठुरपणाचे होईल. गुलाबी मेणबत्ती पेटते तेव्हा आधीच्या दोन जांभळ्या विझवत नाहीत. त्या शेजारी जळतच असतात. दुःखाला उठवून आनंद त्याच्या जागी बसत नाही, तो त्याच्याजवळ येऊन बसतो. वारीत थकलेल्याचे गाठोडे दुसरा उचलतो, तेव्हा वाट कमी होत नाही, पण चालवते. गावातही कुणी अंधारात वाट पाहत बसलेले असेल. उपदेश न करता त्याच्याशेजारी जाऊन बसावे. तीही वारीच आहे.

रामकृष्ण हरी.