चुल्लपंथक आणि आपण



वंदना झाली, आता प्रवचनाचे काम माझ्याकडे आले आहे. मी भिक्खू नाही, शाळामास्तर आहे; म्हणून शाळेतलाच विषय घेतो.

राजगृहात चुल्लपंथक नावाचा भिक्खू होता. त्याचा थोरला भाऊ महापंथक संघात आधीपासून होता आणि मोठा विद्वान होता. त्याने धाकट्याला एक गाथा पाठ करायला दिली. चार महिने गेले, गाथा पाठ होईना. नवी ओळ डोक्यात शिरली की आधीची निसटून जाई. शेवटी महापंथकाने त्याला घरी परत जायला सांगितले. जीवक वैद्याने संघाला आम्रवनात भोजनास बोलावले, तेव्हा यादी महापंथकाकडे होती. त्याने सगळ्यांची नावे धरली, सख्खा भाऊ तेवढा वगळला.

अट्ठकथेत या मंदबुद्धीला मागल्या जन्माचे कारण दिले आहे. ते मी मानत नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीचे कर्म ही कल्पना साफ नाकारली आहे. गेल्या जन्मीचे पाप म्हणूनच आपल्याला शेकडो वर्षे गावकुसाबाहेर ठेवले. तेच आपण आता एखाद्या लेकराच्या कपाळी मारायचे काय?

महापंथक वाईट माणूस नव्हता. त्याच्या ठायी मी मला पाहतो. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्तीची स्थापना केली, तेव्हा माझे आजोबा त्या गर्दीत उभे होते. त्यांना सही येत नव्हती. वडील भोसरीत हेल्पर होते. ‘शिका’ हा शब्द आम्ही दुधाबरोबर प्यालो आणि घरातला पहिला पदवीधर मी झालो. पण शिक्षण हीच माणसाची किंमत असे मनात बसले, की ज्याला शिकता येत नाही त्याची किंमत शून्य होते. माझ्या वर्गात एक हुशार मुलगा होता. तोंडी सगळे सांगे, वाचायला उठवले की अक्षरे उलटीसुलटी होत. मी दोन वर्षे त्याला शेवटच्या बाकावर बसवले आणि शेरा लिहिला, ‘आळशी’. त्याने आठवीत शाळा सोडली. अध्ययन अक्षमता हा शब्द मी पुढे ऐकला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत ती आहे. तो शेरा मात्र माझ्या हातचा आहे.

आता आपल्याच गल्लीतले. एकोणीस वर्षांचा मुलगा आहे. पूर्वी मतिमंद म्हणत, आता बौद्धिक दिव्यांग म्हणतात. गेल्या वर्षी त्याचे वडील वारले. त्याला काय कळणार, असे म्हणून त्याला शेजारी नेऊन ठेवले. बाप गेला हे कोणी सांगितलेच नाही. मग तो रोज बसच्या वेळेला नाक्यावर उभा राहू लागला, जेवेना, डोके भिंतीवर आपटू लागला. लोक म्हणाले, वेडा झाला. कोणी अंगाऱ्याचे सुचवले.

इथे दोन गोष्टी वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. बौद्धिक दिव्यांगता हा आजार नव्हे, औषधाने जात नाही. शिकवण्याने आणि सोबतीने माणूस पुढे जातो. सिंधुताई जोशींनी १९६४ साली पुण्यात ‘कामायनी’ सुरू केली ती याच विश्वासावर. मानसिक आजार वेगळा, त्यावर उपचार आहेत. पण अशा मुलालाही दुःख होते, नैराश्य येते, दाढ दुखते. आणि वागणे बदलले की आपण सारे त्याच्या मंदत्वावर ढकलतो. नवरा, मुले, आईबाप, भाऊ गमावून भान हरपलेली पटाचारा जेतवनात आली, तेव्हा लोक तिला अडवत होते. तथागतांनी तिला जवळ येऊ दिले.

त्याची आई चाकणला पॅकिंगला जाते, ठेकेदाराकडे. साडेपाचला बस. ती त्याचा पाय ओढणीने खाटेला बांधून जाते. एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी साखळदंडात बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत जळून मेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास बंदी केली. पण त्या माउलीला कायदा ऐकवू नका. ती आठ तास त्याला कोणाच्या हवाली करणार, ते सांगा.

चुल्लपंथक पहाटे निघाला तेव्हा तथागत दारातच उभे होते. त्यांनी त्याला गाथा दिली नाही, स्वच्छ कापडाचा तुकडा दिला. तो चोळत ‘रजोहरणं’ म्हणायला सांगितले. कापड मळले तसे त्याला अनित्य कळले. हाताला कळणारा पाठ त्यांनी शोधला! आम्रवनात भोजन वाढायला घेतले तेव्हा तथागतांनी पात्रावर हात ठेवला आणि विचारले, मागे कोणी राहिले का? महापंथक नाही म्हणाला. पुढचा चमत्काराचा भाग मी सोडतो. चुल्लपंथकाला आणवले, मगच भोजन झाले.

गेल्या पौर्णिमेच्या स्नेहभोजनाला आपण पात्रावर हात ठेवला नाही.

मुलाला वायसीएमच्या मानसोपचार विभागात दाखवायचे आहे. दिव्यांग प्रमाणपत्र काढायचे आहे, त्यावर निरामय विमा मिळतो, एक लाखापर्यंत. रात्री-अपरात्री कोणाच्या घरी बिकट वेळ आली तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक आहे, पैसे पडत नाहीत. वडिलांचे त्याला मी सांगितले, फोटो पुढे ठेवून. तो खूप रडला, मग जेवला.

आईची या महिन्यात पहिली पाळी आहे. माझी शाळा दुपारची, सोमवार आणि गुरुवारची सकाळ मी घेतली आहे. बाकीचे वार मोकळे आहेत. वही दाराशी ठेवली आहे.

जयभीम.