सातबाऱ्यावरचं नाव

रखमाबाईंची गोष्ट आपण सांगतो ती धैर्याची गोष्ट म्हणून. लहानपणी लावून दिलेलं लग्न त्यांनी मानलं नाही. दादाजी भिकाजींनी १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८७ मध्ये नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा, असा हुकूम झाला, तेव्हा त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. पुढे तडजोड झाली, त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोट इथे त्यांनी कित्येक वर्षं रुग्णसेवा केली. शाळाशाळांतून मुलींना सांगावी अशीच ही कथा आहे. पण तिच्यातला एक धागा सांगताना नेहमी सुटून जातो. रखमाबाईंच्या विधवा आईने, जयंतीबाईंनी, डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह करण्याआधी आपल्याकडची मालमत्ता मुलीच्या नावावर करून दिली होती. पुनर्विवाह केलेल्या विधवेचा आधीच्या नवऱ्याच्या इस्टेटीवरचा हक्क १८५६ च्या कायद्याने संपत असे. ही इस्टेट हातची जाऊ नये म्हणूनच मुलीला सासरी धाडत नाहीत, असा दादाजींचा आरोप होता. आरोप खरा की खोटा हा मुद्दा बाजूला ठेवू. ‘मी जाणार नाही’ असं भर कोर्टात म्हणणारी ती तरुणी मालमत्तेची मालकीण होती, आणि हे मला तिच्या धैर्याइतकंच महत्त्वाचं वाटतं.

एकोणिसाव्या शतकातल्या आपल्या सुधारकांनी स्त्रीच्या दुःखाचा विचार आधी केला आणि हक्काचा नंतर. ते स्वाभाविक होतं. वपन, बालविवाह, सक्तीचं वैधव्य ही दुःखं डोळ्यांसमोर जळत होती. १८४८ मध्ये पुण्यात फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली. १८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून पुरुषांनाच जाब विचारला. १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंनी शारदा सदन उघडलं. शिकलेली बाई स्वतःच्या पायावर उभी राहील, ही श्रद्धा या सगळ्यामागे होती आणि ती खरीही ठरली. तरी ज्या जमिनीवर ते पाय टेकायचे ती जमीन कोणाची, हा प्रश्न फार उशिरा विचारला गेला.

विचारला गेला तोही तुकड्यातुकड्याने. १९३७ मध्ये मुंबईच्या डॉ. गो. वि. देशमुखांच्या प्रयत्नाने विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत वाटा देणारा कायदा झाला, पण वाटा हयातीपुरता. ती तो वापरू शके, स्वतःच्या मर्जीने विकू शकत नसे. डॉ. आंबेडकरांनी हिंदू कोड बिलात मुलीला आणि पत्नीला खरा वारसा द्यायचं ठरवलं, तेव्हा संसदेत आणि रस्त्यावर जो गदारोळ उठला त्यातला मोठा भाग मालमत्तेवरून होता. घटस्फोटाइतकीच लोकांना भीती होती ती जावयाच्या हाती शेत जाण्याची. बिल रखडलं आणि २७ सप्टेंबर १९५१ रोजी आंबेडकरांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. कायदेमंत्र्याने बायकांच्या हक्कांसाठी खुर्ची सोडावी, ही घटना आपण महिला दिनाला जेवढी आठवायला हवी तेवढी आठवत नाही. १९५६ चा वारसा कायदा आला त्यात स्त्रीची मालकी पूर्ण झाली, हयातीपुरतं बंधन गेलं. मात्र एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क मुलाचाच राहिला.

यानंतर विचाराला बळ मिळालं ते शेतकऱ्यांच्या चळवळीतून. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी महिलांचं प्रचंड अधिवेशन भरलं. शेतमालाच्या भावासाठी रस्त्यावर उतरलेल्या, लाठ्या आणि तुरुंग पाहिलेल्या त्या बायका होत्या. पेरणी, खुरपणी, वेचणी, जनावरं सगळं त्यांच्या अंगावर आणि सातबाऱ्यावर नाव नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं. शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांनी पुढे लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला. गावातल्या शंभर कुटुंबांनी घरच्या लक्ष्मीच्या नावावर जमिनीचा तुकडा करून द्यायचा, मग ते गाव ‘लक्ष्मीमुक्त’ म्हणून जाहीर होणार आणि जोशी स्वतः तिथे सभेला येणार. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरसारख्या गावांनी ते करून दाखवलं. कुठलाही कायदा सक्ती करत नसताना शेतकऱ्याने आपलं रान बायकोच्या नावावर चढवणं ही साधी गोष्ट नव्हे. मला ही महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातली फार मोठी घटना वाटते. तिची मर्यादाही दिसते. हे नवऱ्याने दिलेलं दान होतं. ते देणाऱ्याच्या चांगुलपणावर उभं होतं. बापाच्या घरातला तिचा वाटा तिथेही अस्पर्शच राहिला.

तो वाटा कायद्याने लवकरच दिला. २२ जून १९९४ पासून महाराष्ट्राने अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचं स्थान दिलं. ९ सप्टेंबर २००५ पासून ते देशभर सर्व हिंदू मुलींना, लग्न झालेल्यांनाही, मिळालं. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की २००५ साली वडील हयात होते की नव्हते याच्याशी या हक्काचा संबंध नाही, तो जन्माने येतो.

कागदावर विचार पूर्णत्वाला गेला. गावात तो अडतो वारस नोंदीच्या दिवशी. वडिलांचं तेरावं झालेलं असतं, घरात पाहुणे असतात आणि बहिणींना दुय्यम निबंधकाकडे नेऊन हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात. मुद्रांक काही शे रुपयांचा, सोडलेली जमीन लाखोंची. कोणी धमकावत नाही. भाऊ, माहेर, दिवाळीची ओवाळणी, बाळंतपणाला यायचं हक्काचं घर, एवढं सगळं त्या एका सहीच्या पलीकडे ठेवलेलं असतं. वाटा मागणाऱ्या बहिणीला लोभी म्हणतात, आणि तोच वाटा ठेवून घेणाऱ्या भावाला कोणी काही म्हणत नाही. हे मला अन्यायाचं सगळ्यात सभ्य रूप वाटतं. विधवेची गत याहून वाईट. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीचं नाव जमिनीला लागलं नसेल तर पीककर्जापासून नुकसानभरपाईपर्यंत प्रत्येक दारात तिला सासरच्यांच्या मर्जीवर थांबावं लागतं. शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज काळापासून मुलीला वारसा आहे आणि सर्वसाधारणपणे घर विकायला नवरा-बायको दोघांची सही लागते. त्याने तिथली कुटुंबं मोडली नाहीत.

२०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या वहितीदारांमध्ये स्त्रिया होत्या सुमारे १४ टक्के. शेतात राबणाऱ्यांत त्यांचं प्रमाण किती मोठं आहे हे कोणत्याही बांधावर उभं राहून दिसतं.

कर्तृत्ववान बायकांचे सत्कार जरूर व्हावेत. ज्या मुलीने शिखर सर केलं, सुवर्ण जिंकलं, गावाला पाणी आणलं, तिचं कौतुक करताना हात आखडू नये. पण वाचकहो, माझं मागणं तुमच्या घरापुरतं आहे. यंदा तुमच्याकडे वारस नोंदीची वेळ आली तर बहिणीला सहीसाठी बोलावू नका. तिला मोजणीला बोलवा, आणि तिचं नाव ‘इतर हक्कां’त न टाकता भोगवटादाराच्या रकान्यात, आपल्या नावाशेजारी लावून घ्या.