साक्ष आणि गीबत

रमजानची एकोणतिसावी संध्याकाळ आली, की आमच्या घरातला रेडिओ कोनाड्यातून खाली उतरत असे. उस्मानाबादला त्या दिवशी ढग असले तर गच्चीवर चढून काही उपयोग नसायचा. अब्बा सुई हैदराबादवर आणायचे आणि रुयत-ए-हिलाल कमिटीने काय ठरवले ते कळेपर्यंत सारे घर गप्प बसायचे. अम्मीच्या मांडीवर शेवयांची परात असायची. निवेदक एवढेच सांगे, की अमुक ठिकाणाहून चंद्र दिसल्याची साक्ष मिळाली आहे. आपण चंद्र पाहिला, असे तो कधी म्हणत नसे. हा फरक तेव्हा कळला नव्हता. पुढे आकाशवाणी, दूरदर्शन आणि गावोगावच्या केबलवाहिन्यांवरच्या कार्यक्रमांविषयी आम्ही सदर लिहू लागलो तेव्हा कळला, आणि तोही जरा उशिराच.

या सदराला मानधन नव्हते, जाहिरात नव्हती, मागे कोणी मालक नव्हता. त्यामुळे स्वतःला स्वतंत्र म्हणवून घ्यायची सोय होती. स्वतंत्र म्हणजे कोणापासून, हा प्रश्न मात्र आम्ही स्वतःला विचारला नव्हता. तो दोन प्रसंगांनी विचारला.

पहिला प्रसंग असा. मराठवाड्यातल्या एका केंद्रावर एक नैमित्तिक निवेदिका उर्दू गझलांचा कार्यक्रम सादर करत असे. नैमित्तिक म्हणजे महिन्यातून मोजक्या ड्यूट्या आणि तेवढेच पैसे. तिचे उर्दू उच्चार कच्चे होते. गालिबमधला 'ग' ती मराठीतला म्हणायची. आम्ही त्यावर पाऊण पान खर्च केले, चांगली थट्टा उडवली. वाचणाऱ्यांनी दाद दिली. आमच्या घरात 'काझी'चा 'खाजी' होतो आणि 'कबर'ची 'खबर', हे लिहायचे तेवढे राहिले. दोन-तीन महिन्यांनी तो आवाज बंद झाला. आमच्या लिहिण्याने झाला असे नाही, नसेलही. पण त्या दिवसापासून रेडिओ लावला, की आधी तोच आवाज शोधायची सवय लागली.

दुसरा प्रसंग त्यानंतरच्या वर्षातला. जिल्ह्यातल्याच एका गावी मिरवणुकीवरून थोडी कुरबुर झाली. त्या रात्री तिथल्या केबलवाहिनीने एक दृश्य दाखवले. दगड, पळणारी पोरे, बंद होणारी दुकाने, आणि खाली पट्टी : 'संवेदनशील भागातील परिस्थिती'. तो संवेदनशील भाग म्हणजे आमची गल्ली. चित्र मात्र आमच्या गल्लीचे नव्हते. कोपऱ्यातल्या किराणा दुकानाची पाटी कानडीत होती! दुसऱ्या दिवशी आम्ही मालकाकडे गेलो. माणूस ओळखीचा, आमच्या घरच्या लग्नांना येणारा. त्याने चहा मागवला, ऐकून घेतले आणि म्हणाला, "गल्ल्या सगळीकडं सारख्याच असतात, भाई. बघतो, काढून टाकतो." दृश्य आणखी दोन रात्री चालले. आम्ही सदरात त्यावर एक ओळही लिहिली नाही. त्या पंधरवड्यात क्रिकेटच्या मराठी समालोचनावर लिहिले.

ज्या बाईची चूक निरुपद्रवी होती तिच्यावर पाऊण पान. ज्याच्या खोट्यामुळे कोणाचे डोके फुटले असते, त्याच्याविषयी मौन. असे का झाले?

त्या वेळी आम्ही स्वतःला दोन कारणे दिली होती. एक, ओळखीच्या माणसाविषयी चारचौघांत बोलणे म्हणजे गीबत. दुसरे, गल्ली आपली, लिहिणारे आपण. लोक म्हणणार, हे आपल्यांचीच बाजू घेतात. दोन्ही कारणे ऐकायला सभ्य आहेत, म्हणून ती तपासली पाहिजेत.

पहिले कारण फार टिकत नाही. इमाम नववी यांनी 'रियाझ-उस-सालिहीन'मध्ये सहा प्रसंग असे नोंदवले आहेत, की जिथे माणसाच्या पाठीमागे त्याच्याविषयी बोलणे मुबाह ठरते. अन्यायाची दाद मागणे आणि लोकांना नुकसानीपासून सावध करणे हे त्यांतलेच. कच्च्या 'ग'साठी त्या यादीत जागा नाही. म्हणजे गीबत झाली असेल तर ती पहिल्या प्रसंगात झाली, आणि तिला आम्ही समीक्षा म्हणत होतो.

दुसरे कारण अवघड आहे. हनफी फिकहमध्ये बापाची मुलाच्या बाजूची साक्ष काझी घेत नाही, आणि ते योग्यच आहे. पण पाटीवरची कानडी अक्षरे वाचणारा त्या रात्री दुसरा कोणी पुढे आला नाही. ज्याचा संबंध नाही त्याने नीट पाहिले नाही, आणि ज्याने नीट पाहिले तो संबंधित म्हणून गप्प! शिवाय इथे बापाच्या शब्दावर विश्वास ठेवा असे म्हणायचेच नव्हते. पाटी पाहा, एवढेच म्हणायचे होते. पाटी कोणाच्या नात्यातली नसते.

आणि प्रसारणाचे ते साधन तरी कोणाचे? सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५मध्ये क्रिकेट प्रक्षेपणाच्या खटल्यात हवेतील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. केबल तारेतून येते, लहरींतून नाही, असा वाद कोणी घालील. पण ती तार आमच्याच भिंतींवरून गेलेली असते. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा अजून नाही. म्हणून आमच्यासारख्या जिल्ह्यात कानावर पडणाऱ्या बातमीची भिस्त बरीच वर्षे आकाशवाणी आणि गल्लीतल्या केबलवाल्यावर राहिली. आता मोबाइल आहे. तिथली कानडी पाटी वाचायला तर कोणी थांबतही नाही.

या जिल्ह्याला न सांगितलेल्या गोष्टींचा अनुभव जुना आहे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामांनी डेक्कन रेडिओवरून शस्त्रसंधी जाहीर केली. त्याआधी रझाकारांनी गावोगाव अत्याचार केले होते. त्यानंतर जे घडले ते रेडिओवर आले नाही. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने त्याच वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये फिरून अहवाल तयार केला. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत तिने उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड यांची नावे घातली. तो अहवाल पुढे कित्येक दशके सरकारने प्रसिद्धच केला नाही. अहवाल दाबून ठेवणाऱ्यांचा हेतू वाईटच होता असे आम्ही म्हणत नाही. जखम पुन्हा उघडू नये, असे त्यांना वाटले असेल. केबलवाल्याविषयी लिहिले नाही तेव्हा आम्हीही नेमके हेच म्हटले होते : उगाच वातावरण कशाला बिघडवा. पण आमच्या नानीला जे ठाऊक होते ते अहवालाअभावी पुसले गेले नाही. तिच्याबरोबर ते फक्त एकटे राहिले.

सदर आजही चालू आहे. आता प्रत्येक मजकुराच्या आधी कार्यक्रम कोणत्या तारखेला, किती वाजता आणि कुठे बसून ऐकला ते लिहितो. स्वतः ऐकलेले एका परिच्छेदात, त्यावरून वाटलेले दुसऱ्यात. वाचकांना हे रटाळ वाटते, तशी तक्रारही येते. शहराचे नाव २०२३ साली सरकारदरबारी धाराशिव झाले. त्याआधीच्या कार्यक्रमांविषयी लिहिताना आम्ही निवेदकाने जे नाव उच्चारले तेच ठेवतो. याच्याही तक्रारी येतात, दोन्हीकडून.

केबलवाहिनी बंद पडून बरीच वर्षे झाली. त्या जागी मालकाचे मोबाइल रिचार्जचे दुकान आहे. रस्त्यावरून जाताना तो हाक मारतो, खुर्ची पुसून देतो आणि पोराला चहा आणायला पिटाळतो. त्या दृश्याविषयी त्यानेही काढले नाही, आम्हीही नाही. हा मजकूर छापून आला, की अंक त्याच्या हातात द्यायचा असे ठरवले आहे. मागच्या जुम्याला नमाजीहून येताना त्याने पुन्हा हाक मारली. आम्ही बसलो, चहा घेतला आणि पावसाविषयी बोलून उठलो.