दगड झालेला माल

नांदेड जिल्ह्यात माहूरजवळ वझऱ्याचा धबधबा शेख फरीदच्या नावानं ओळखला जातो. वर्धा जिल्ह्यात गिरडच्या टेकडीवरही शेख फरीदच. सूफी संत बाबा फरीद गंजशकर मात्र 13व्या शतकात पंजाबात, अजोधनला म्हणजे आजच्या पाकपट्टणला राहिले आणि तिथंच त्यांची कबर आहे. ते इकडं आल्याचा पुरावा इतिहासवाला मागतो, मिळत नाही म्हटल्यावर वही मिटतो. मला तर खरी गंमत तिथून पुढं दिसते.

गिरडची कथा अशी: दोन बंजारे माल लादून चालले होते. त्यांनी फकिराची, म्हणजे शेख फरीदची, टिंगल केली आणि सगळ्या मालाचे दगड झाले. मग गयावया केल्यावर फकिरानं वाळक्या पाल्यातून नवा माल करून दिला. बंजारे तिथंच सेवेला राहिले. त्यांच्या म्हणून दोन कबरीही दाखवतात. टेकडीवर गोल खडे पसरलेले असतात. भूशास्त्र त्यांना झिओलाइटचे गोळे म्हणतं. खडे आधीचे, कथा नंतरची, हे सांगायला पंडित नको.

पण मग कथेत उरलं काय? इथं सूफी विचारवंत इब्न अरबी (1165–1240) कामाला येतो. त्याच्या लेखी कल्पना ही थाप नव्हे. निराकार अर्थ आणि जड वस्तू यांच्या मधला तो एक प्रदेशच आहे. आरशात तोंड पाहणारा ‘मी मला पाहिलं’ म्हणाला तर खोटं नाही, ‘नाही पाहिलं’ म्हणाला तरी खोटं नाही. त्या मधल्या प्रदेशात अर्थाला अंग फुटतं. फकिरासमोर मालाची किंमत शून्य झाली, हा अर्थ. त्याला गिरडनं हातात धरता येईल असा खडा दिला. पाल्याचा माल होतो हा उत्तरार्ध लोक विसरतात, पण तो नसता तर ही नुसती शापाची कथा झाली असती.

अशा कथा गिरडपुरत्याच नाहीत. चांगदेव वाघावर आणि ज्ञानेश्वर भिंतीवर, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. तुर्कस्तानात सूफी संत हाजी बेक्ताशबद्दलही तशीच सांगतात: समोरचा सिंहावर बसून आला, तर हा भिंतीवर. कुणी कुणाची उचलली, या वादात मला फारसा रस नाही; अशी गोष्ट सांगतं कोण, यात आहे.

वलीनं, म्हणजे संतानं, करामत झाकून ठेवावी, असं सूफी परंपरा बजावते. म्हणजे ती बाहेर येते ती दुसऱ्याच्याच तोंडून. तेव्हा फकिरानं काय केलं याआधी बंजाऱ्यांचं काय झालं ते पाहावं. भरला धंदा सोडून दोघं टेकडीवर राहिले, एवढं मानायला चमत्कार लागत नाही.