जबालेनं शिकायचं कधी?

सत्यकामाला गुरूकडं शिकायला जायचं होतं. गुरू गोत्र विचारणार, म्हणून त्यानं आईला विचारलं. जबाला म्हणाली, तरुणपणी मी ठिकठिकाणी चाकरी करत राबत होते, तेव्हा तू झालास. तुझं गोत्र मला ठाऊक नाही. माझं नाव जबाला, तू सत्यकाम, तर सत्यकाम जाबाल असंच सांग. पोरानं हारिद्रुमत गौतमांना ते जसंच्या तसं सांगितलं. तो सत्याला धरून राहिला म्हणून त्यांनी त्याला समिधा आणायला सांगितल्या. छांदोग्य उपनिषदातली ही गोष्ट पोराच्या सत्यनिष्ठेची म्हणून सांगतात. मला तिच्यात आधी आई दिसते. खरं बोलायची जोखीम तिची, नावही तिचं. पण पोरगा गुरूंनी सोपवलेल्या चारशे रोडक्या गायी घेऊन रानात गेल्यावर तिचं पुढं काय झालं, हे गोष्ट सांगत नाही. तिला नसेल का काही जाणून घ्यायचं?

मी घनसावंगी तालुक्यातली. नवऱ्यानं टाकल्यावर लेकीला घेऊन माहेरी आले, लोकांच्या रानात कापूस वेचला आणि यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं. १९८९ साली नाशिकला हे विद्यापीठ निघालं नसतं, तर माझ्यासारखीला कॉलेजची पायरी चढता आली नसती. वाळलेल्या बोंडाची टोकं नखाच्या कडेला घुसतात आणि रात्री पेन धरलं की नेमकी तीच जागा ठणकते. कागदाला डाग लागू नये म्हणून बोटाला चिंधी गुंडाळून मी स्वाध्याय लिहायचे. एकाच बल्बखाली शेजारी लेक बाराखडी गिरवायची. आमच्या आळीतली एक म्हातारी एकदा आईला म्हणाली, "अगं माय, लेकरू रडायलंय अन् ही पुस्तक घेऊन बसलीय. देव काय म्हणंल हिला?"

म्हातारीनं तळमळीनं विचारलं होतं, म्हणून मीही तो प्रश्न तसाच मनावर घेतला.

आमच्याच तालुक्यातल्या जांबला १६०८ साली समर्थ रामदास जन्मले. लग्नाच्या बोहल्यावरून ते निघून गेले आणि कित्येक वर्षांनी परतले तेव्हा आई राणूबाईंची दृष्टी गेली होती, असं परंपरा सांगते. आपण त्याला वैराग्य म्हणतो, हात जोडतो. मीही जोडते. बालविधवा वेणाबाईंना शिष्या करून मिरजेच्या मठाचा भार सोपवणारे समर्थच होते, हेही मी विसरत नाही. पण वेणाबाईंच्या कडेवर मूल नव्हतं.

पंडिता रमाबाईंच्या कडेवर होतं. १८८२ साली त्या विधवा झाल्या आणि पुढच्याच वर्षी लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. चेल्टनहॅमच्या कॉलेजात शिकल्या, तिथंच संस्कृत शिकवलं. त्यांच्या धर्मांतरावर जेवढं लिहिलं गेलं, त्याच्या पासंगालाही पुरेल एवढं त्या मायलेकींच्या त्या वर्षांवर लिहिलं गेलेलं नाही. पुढं तीच मनोरमा आईच्या कामात तिच्या बरोबरीनं उभी राहिली.

विद्येला एकांत लागतो, चित्त एका जागी लागतं, असं ऐकतच मी वाढले. पण हा एकांत उभा कुणाच्या जिवावर राहतो? गुहेतल्या तपस्व्यालाही दुपारी झोळी घेऊन दाराशी यावं लागतं आणि झोळीत पडणारी भाकरी कुणीतरी बाईनंच थापलेली असते. तिच्या कष्टावर त्याचं ध्यान चालतं. मग तिनंच चूल विझवून वही उघडली की धर्म कुठं बुडतो? लेकराच्या तापाकडं एक कान ठेवून मी पानंच्या पानं वाचली आहेत आणि समजून वाचली आहेत. मायेनं चित्त विस्कटतं हे ज्यांनी लिहून ठेवलं, त्यांच्या मांडीवर लेकरू झोपलेलं नसावं. माझं चित्त तर त्या लेकरामुळंच ठिकाणावर राहिलं.

१ मे २०२४ रोजी आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचं नाव लावायचं, असं आपल्या सरकारनं ठरवलं. मला मनापासून आनंद झाला. आता पुढचं मागणं आहे. विद्यार्थ्याला भिक्षा घालणं हा गावाचा धर्म होता, ती घेणाऱ्याला कुणी लाजवत नव्हतं. आज शिकणारी आई परीक्षेला एस.टी.नं तालुक्याला जाते, तेव्हा तिचं लेकरू कुणाच्या तरी ओसरीवर ओशाळवाण्या उपकारावर बसलेलं असतं. परीक्षा केंद्रावर एक खोली, पाण्याचा माठ, पेपर सुटेपर्यंत लेकरांजवळ बसेल अशी एक मावशी. गावानं ही भिक्षा घालावी.