वेदनेची साक्ष

रोग्यास त्रास होऊं न देणें हा वैद्याचा धर्म होय, याविषयीं दुमत होणार नाहीं. परंतु जें त्रास देत नाहीं तें निरुपद्रवी, असें म्हणतां येईल काय? क्ष-किरणांनीं शरीराचें अंतरंग पाहण्याच्या विद्येचा इतिहास या बाबतींत मोठा उद्बोधक आहे.

क्ष-किरणांत हाडांची छाया उमटते, रक्तवाहिन्यांची उमटत नाहीं. ती उमटावी म्हणून किरणांस अडविणारें द्रव्य रक्तांत सोडावें लागतें. १९२७ सालीं लिस्बन येथें एगास मोनिश यानें सोडियम आयोडाइड टोंचून मेंदूंतील रक्तवाहिन्यांचें चित्र मिळविलें. पण तें द्रव्य दाहक होतें. १९३० च्या सुमारास थोरोट्रास्ट नांवाचें थोरियमयुक्त द्रव्य आलें. तें टोंचतांना रोग्यास फारसें कांहीं जाणवत नसे, आणि चित्रही सुरेख येई. वैद्य संतुष्ट, रोगीही संतुष्ट! परंतु थोरियम किरणोत्सर्गी; तें यकृतांत व प्लीहेंत जन्मभर ठाण मांडून बसे. अमेरिकेंतील वैद्यकसंघाच्या औषधमंडळानें १९३२ सालींच धोक्याची सूचना दिली होती. तरी १९५० नंतरही कांहीं वर्षें तें वापरांत राहिलें, आणि टोंचल्यावर २०-३० वर्षांनीं अनेकांस यकृताच्या कर्करोगानें गांठलें.

याच्या उलट दुसरें उदाहरण पाहा. आयोडीनचीं जीं द्रव्यें प्रचारांत राहिलीं, तीं टोंचतांच अंगाची आग होई, मळमळ सुटे. टॉर्स्टेन अल्मेन या स्वीडिश वैद्यानें या तक्रारीकडे दुर्लक्ष केलें नाहीं. खाऱ्या समुद्रांत डोळे उघडले तर झोंबतात, बाल्टिकच्या कमी खाऱ्या पाण्यांत तितके झोंबत नाहींत, हें त्यास ठाऊक होतें. त्यावरून दाहाचें कारण द्रावणांतील कणांची अतिरिक्त संख्या हें असावें, असा तर्क त्यानें बांधला. आणि थोडक्या कणांतून तितकेंच आयोडीन नेण्याची कल्पना १९६९ च्या सुमारास पुढें आणली. आजचीं सौम्य द्रव्यें त्याच मार्गानें आलीं आहेत.

कठोपनिषदानें श्रेय आणि प्रेय यांत भेद केला आहे. परंतु त्यावरून जें सुखद तें त्याज्य, असा अर्थ कोणी काढूं नये. अल्मेनच्या शोधांत रोग्याचें सुख आणि हित एकत्र आलें. आमचें म्हणणें इतकेंच, कीं वेदना ही एक साक्षीदार आहे. ती बोलेल तेव्हां तिचें ऐकावें. पण ती गप्प आहे एवढ्यावरून निर्दोषत्वाचा निवाडा देऊं नये.

आपणांस आतां काय होतें हें रोगी सांगूं शकतो; वीस वर्षांनीं काय होईल हें सांगणें त्याच्या आवांक्याबाहेरचें आहे. तें सांगण्याची जबाबदारी जाणत्यावर पडते. धोका ज्याच्या कानांवर घातलाच नाहीं, त्याच्या समाधानास संमति म्हणणें, ही आमच्या मतें आत्मवंचना होय.