मोल आणि ऋण

ज्या वस्तूचे मोल आपण चुकते केले, तिचे ऋण आपल्यावर उरते काय? बाजारात हा प्रश्न कोणी विचारीत नाही. भाजीचे पैसे दिले की भाजी आपली झाली. परंतु मनुष्य जेव्हा हवा, गारवा आणि निवांतपणा विकत घेऊ लागतो, तेव्हा हा प्रश्न इतक्या सहजासहजी निकालात काढता येत नाही. वैशाखाच्या उन्हाने त्रासलेली आपल्यापैकी कित्येक कुटुंबे दरवर्षी महाबळेश्वरी जातात. त्या स्थळाचा पूर्वेतिहासच असा आहे की, त्याच्या आधारे ह्या प्रश्नाचा विचार करावा असे आम्हांस वाटते.

केवळ आरोग्यासाठी आणि विसाव्यासाठी गाव वसविण्याची कल्पना इंग्रजांनी आपल्या देशातून बरोबर आणली. तेथील ब्रायटन हे मुळात कोळ्यांचे गाव. अठराव्या शतकाच्या मध्यास रसेल नामक वैद्याने समुद्रजलाचे औषधी गुण वाखाणले, १७८३ साली युवराज तेथे आले, १८४१ साली लंडनहून आगगाडी पोहोचली, आणि जाळी वाळविण्याच्या जागी विलासनगर उभे राहिले. मुंबईत मात्र समुद्रच घाम काढणारा. तेव्हा हीच कल्पना इकडे सह्याद्री चढून गेली. १८२४ साली लॉड्विक नावाचा सेनाधिकारी हा डोंगर चढला. पुढे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२९ साली साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार करून वाईकडील खंडाळा गावाच्या बदल्यात ही जागा घेतली. बाजारपेठेस माल्कम पेठ हे नाव पडले. डोंगरकड्यांची जुनी नावे मागे पडून गव्हर्नरांची आणि त्यांच्या आप्तांची नावे रूढ झाली.

हा व्यवहार रीतसर होता. गावास गाव दिले, मोल चुकते झाले. परंतु ज्या राजाने डोंगर दिला, त्यालाच पुढे दहा वर्षांत, १८३९ साली, गादीवरून काढून काशीस पाठविण्यात आले; आणि १८४८ साली त्याचे राज्यही खालसा झाले. करारातील एकही कलम न मोडता करार करणाऱ्याचा किती सहज विसर पडतो, हे ह्यावरून दिसते.

ह्याच डोंगरावर त्यापूर्वी दुसरे एक देणे झाले होते. १६६५ साली सूर्यग्रहणाच्या पर्वणीस शिवाजी महाराजांनी येथे मातोश्री जिजाबाई आणि सोनोपंत डबीर यांची सुवर्णतुला केली. तेथेही तराजू होता आणि वजनही काटेकोर होते. परंतु एका पारड्यात सोने आणि दुसऱ्यात आई असताना, ही आईची किंमत झाली असे कोणाच्या मनात येणे शक्य नव्हते. उलट हे ऋण सोन्याने फिटणारे नाही, हीच त्या विधीमागील भावना होय. मोल देणारा हिशेब मिटवितो. दान करणारा तो मिटणारा नाही हे मान्य करतो. आमच्या मते पेठ आणि क्षेत्र यांतील खरा भेद हाच आहे.

यावर कोणी म्हणेल की, हे भाविकपणाचे बोलणे झाले. यात्रेकरू काय घाण करीत नाहीत? आणि हवा खाण्यास येणाऱ्यांमुळेच तर शेकडो कुटुंबांच्या चुली पेटतात! हा आक्षेप आम्ही पूर्णपणे मान्य करतो. ज्या स्ट्रॉबेरीस २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले, ती ह्या मातीत आली आणि रुजली ती ह्या हवाखोरीच्या स्थळामुळेच. विसावा घेणे हे पाप नव्हे. वर्षभर राबणाऱ्या गृहस्थाला आणि त्याहूनही अधिक राबणाऱ्या गृहिणीला चार दिवस गारवा मिळावा, ह्यात गैर ते काय?

प्रश्न इतकाच की, आपण दिलेले मोल पोहोचते कोठवर? ते हॉटेलवाल्यास पोहोचते, मोटारवाल्यास पोहोचते. परंतु येथील तुरुंगातले चिनी आणि मलायी कैदी, ज्यांनी ह्या डोंगरावर बटाटे आणि विलायती भाज्या पिकविल्या, त्यांना ते कधीच पोहोचले नाही. १८६४ साली तो तुरुंग बंद झाला आणि त्यांची नावेही उरली नाहीत. जांभ्या दगडाच्या ह्या पठारावर वर्षाला ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तरीही तो उतारावरून वाहून जात असल्यामुळे उन्हाळ्यात डोंगरातल्या वाड्यांवरील बायकांना हंडे घेऊन दूर जावे लागते. आपण खोलीत नळ मोकळा सोडतो तेव्हा पाण्याचे पैसे बिलात आले असतील. त्या हंड्याचे कोठे आले? २००१ साली भारत सरकारने महाबळेश्वर-पाचगणीचा प्रदेश पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील ठरवून बांधकामावर निर्बंध घातले, हे योग्यच झाले. तथापि कायदा बांधणाऱ्याचा हात धरू शकतो. नळ उघडणाऱ्याचा धरू शकत नाही.

यास्तव आमचे म्हणणे असे की, जेथवर मोल पोहोचत नाही तेथून ऋणाचा आरंभ होतो. ते फेडण्यासाठी मोठ्या त्यागाची गरज नाही. मुंबई-पुण्याच्या दुकानांत छापील किमतीस मुकाट्याने मान तुकविणारे आपण, येथे घोडेवाल्याशी दहा रुपयांसाठी घासाघीस करतो, ती न करणे; आंघोळीस एक बादली कमी घेणे; ज्या कड्यावर उभे राहून छायाचित्र घ्यावयाचे, त्याचे जुने नाव मुलांस विचारून सांगणे. ह्या गोष्टी क्षुल्लक खऱ्या, पण पाहुणा आणि गिऱ्हाईक यांतील अंतर अशाच गोष्टींनी पडते.

जुन्या क्षेत्री पंचगंगेच्या देवळात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री ह्या नद्यांचे पाणी एका गोमुखातून पडते. पादत्राणे बाहेर ठेवून आलेला मनुष्य, मग तो श्रद्धाळू असो वा नसो, तेथे ओंजळ पुढे करतो, ओंजळीपुरते घेतो आणि बाजूस सरतो; कारण मागे दुसरा उभा असतो. त्याच्याही मागे माहुली आहे, कऱ्हाड आहे, सांगलीचे मळे आहेत आणि पूर्वसमुद्रापर्यंतची माणसे आहेत. पेठेतल्या खोलीत उतरलेल्या आपणही एवढे ध्यानात ठेवले तर पुरे.